सभात्यागाचा चहा

नगराध्यक्ष आमच्या घरी आले तेव्हा बसायला खुर्ची नव्हती, म्हणून ते कांड्यांच्या पोत्यावर बसले. असली पोती त्यांच्याच कारखान्यातून आमच्या गल्लीत यायची, पण त्यावर बसायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. पोतं करकरलं तसे ते जरा उठले, मग पुन्हा बसले.

"चहा ठेवू?" मी विचारलं.

"नको. पित्ताचा त्रास हाय."

"मग पाणी देते."

"शेवंताबाई, पाणी राहू द्या. उद्याच्या सभेचं बोलायला आलोय."

ते माहीत होतं. मगदूमसाहेबांसारखा माणूस संध्याकाळच्या वेळी आमच्या पत्र्याच्या चाळीत सहज फिरायला येत नाही.

बायकांना जागा राखीव झाल्या त्या निवडणुकीत मी निवडून आले होते. हुशारीचा काही संबंध नव्हता. आमच्या पेठेत लाल झेंडा धरून मोर्चात पुढं चालणारी बाई मीच होते, म्हणून पार्टीनं मला उभं केलं. एरवी मी कांडीवाली. मागाच्या धोट्यात सुताची जी कांडी बसते, ती रहाटावर भरून द्यायची, पोतं भरलं की कारखान्यात पोचवायचं. गावातल्या निम्म्या बायका हेच करायच्या.

नगरपालिकेत आमच्या पार्टीचे दोघेच. एक मी आणि दुसरे शिवलिंग कोष्टी, म्हणजे आप्पा. आप्पा एकेकाळी गावातले नावाजलेले विणकर. मोठ्या संपात मगदूमसाहेबांच्या वडिलांनी, अण्णासाहेबांनी, त्यांना कामावरून काढलं आणि बाकीच्या मालकांना निरोप धाडला. त्यानंतर गावातला एकही माग आप्पांच्या हाताला लागला नाही. तेव्हापासून ते आपल्या विधवा बहिणीकडे, हौसाक्काकडे, बसून कांड्या भरायचे. कांडी भरणं हे बायकांचं काम. पण आप्पांच्या तोंडावर हसायची कुणाची छाती नव्हती.

हौसाक्काचं घर आमच्या घराला लागूनच. मध्ये एक पत्रा. पत्र्याच्या अलीकडे माझा पोरगा दिलीप खोकायचा, पलीकडे हौसाक्का. दिलीप मागावर होता, हौसाक्का रहाटावर, आणि सुताचं बारीक तूस दोघांच्याही छातीत सारखंच गेलेलं. गावात छातीचा फोटो काढायचं मशीन एकच, तेही नगरपालिकेतल्या विरोधी गटाचे पुढारी डॉक्टर पाटणकर यांच्या खासगी दवाखान्यात. दिलीपचा एक फोटो मी मंगळसूत्रातले मणी मोडून काढला होता. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरून बघितला आणि महिन्यानं दुसरा काढू म्हणाले.

उद्याचा ठराव याच गोष्टीचा होता. बंद पडलेल्या जकात नाक्याच्या इमारतीत नगरपालिकेचा दवाखाना, त्यात छातीच्या फोटोचं मशीन, पगारी डॉक्टर, औषध फुकट. आप्पा ही मागणी मी लग्न होऊन गावात आले त्याच्या आधीपासून करत होते. आता निवडणूक जवळ आल्यावर मगदूमसाहेबांना ती पटली होती. फक्त ठरावात लिहिलं होतं, 'माग कामगारांसाठी'. कांडीवाल्या त्यात नव्हत्या. आम्हाला कामगार म्हटलं की मालकांच्या गळ्यात बाकीचंही सगळं आलं असतं, आणि त्यांच्याच आघाडीतले मालक ठराव फाडून टाकायला मोकळे झाले असते.

म्हणजे दवाखाना पत्र्याच्या अलीकडच्याला घेणार होता आणि पलीकडचीला नाही.

पार्टीच्या बैठकीत आप्पांनी सांगितलं होतं, "सगळे, न्हाईतर कुणीच न्हाई. अर्धी भाकरी घेतली की उरलेली अर्धी ते परत दावत न्हाईत." पार्टीनं विरोधात मत द्यायचा आदेश काढला. माझाही हात वर होता. आप्पांची सख्खी बहीण ठरावाबाहेर राहात असताना मी काय बोलणार?

"आमची माणसं आणि डॉक्टरांची माणसं सारखी भरत्यात," मगदूमसाहेब म्हणाले. "बरोबरी झाली तर अध्यक्षाचं जादा मत चालतंय. तुमचा एक हात मला पुरे. तुमच्या पोराच्या खोकल्याचं मी ऐकलंय."

"ऐकू येणारच. पत्रा पातळ आहे."

"मग?"

"हात माझा नाही साहेब, पार्टीचा आहे. तो वर केला तर पार्टी मला काढील. मग या गल्लीतली एकसुद्धा बाई माझं ऐकणार नाही."

त्यांनी गुडघ्यावर हात चोळले. "बरं. आप्पांचा राग आमच्या वडिलांच्या नावावर असंल तर ते काढतो. दवाखान्याला अण्णांचं नाव द्यायचं ठरलंय, पण न्हाई दिलं तरी चालंल. मग तर आप्पा ऐकतील?"

मी रहाट थांबवला. पलीकडे हौसाक्काचा रहाट चालू होता, त्या आवाजात तिकडं काही ऐकू जाणार नाही म्हणून मी निर्धास्त होते.

"नाव काढू नका," मी म्हणाले.

"आँ?"

"उलट ठरावाच्या पहिल्याच ओळीत घाला. आणि तुम्ही स्वतः उभं राहून मोठ्यांदा वाचा. कैलासवासी, कामगारांचे कैवारी, काय काय लावायचं ते लावा."

"त्यानं काय हुतंय?"

"आप्पा चहाला जातील."

मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते पोत्यावरून उठले. जाताना पहिल्यांदाच मला नमस्कार करून गेले.

आता हे चहाचं सांगायला पाहिजे. आप्पांची नगरपालिकेत एक पद्धत होती. पटलं नाही की ते उभे राहायचे, विषयपत्रिका टरकन फाडायचे, घोषणा द्यायचे आणि सभात्याग करायचे. त्यांच्या मागोमाग मी. फाटकाबाहेर इस्माईलभाईचा चहाचा गाडा होता. वरून घोषणा ऐकू आली की इस्माईलभाई स्टोव्हला पंप मारायचा, आणि आम्ही जिना उतरून येईपर्यंत चहा उकळायचा. सभात्याग केला नाही अशी सभा माझ्या तरी आठवणीत नव्हती. शाळेच्या कौलांवरून केला, गटारावरून केला, एकदा श्रद्धांजलीच्या ठरावावरूनही केला, कारण मेलेला मालक होता. सभात्यागानंतर मत द्यायला कुणी उरत नाही, हे आप्पांच्या कधी मनातच आलं नव्हतं. आमच्या दोन मतांनी आजवर काही अडलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे चालत नगरपालिकेत गेलो. वाटेत आप्पा म्हणाले, "शेवंता, ध्यानात हाय न्हवं? विरोधात."

"आहे की."

"दिलीप कसा हाय?"

"आहे तसाच."

फाटकाशी आल्यावर आप्पा म्हणाले, "तू हो वर. मी विडी पेटवून आलोच." मी जिना चढून गेले. वरून बघितलं तर ते गाड्यापाशी इस्माईलभाईशी बोलत उभे होते. विडी कानालाच होती.

सभागृहात त्या दिवशी कधी नव्हे ते सगळे हजर होते. डॉक्टर पाटणकर पांढऱ्या सफारीत समोरच बसले होते. त्यांनी आप्पांना वाकून नमस्कार केला. आप्पांचं तत्त्व आणि डॉक्टरांचं मशीन त्या दिवशी एकाच बाजूला होतं, आणि डॉक्टरांना त्याचा फार आनंद झाला होता.

मगदूमसाहेब उभे राहिले. माझं त्यांनी तंतोतंत ऐकलं होतं, थोडं जास्तच ऐकलं होतं. "कैलासवासी, दानशूर, कामगारांचे पितृतुल्य आधारस्तंभ अण्णासाहेब मगदूम यांच्या पुण्यस्मृतीप्रीत्यर्थ..."

मी आप्पांकडे बघितलं. पायात चपला नीट घातल्या. निघायच्या तयारीनं पिशवी काखेत मारली.

आप्पा बसून राहिले.

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत घातला. मगदूमसाहेबांनी वाचता वाचता माझ्याकडे एक नजर टाकली. मग बहुतेक आप्पांना ऐकू आलं नसेल असं वाटून त्यांनी 'पितृतुल्य' पुन्हा एकदा वाचलं. आप्पा ढिम्म. हे आज बसणार, हात वर करणार, त्यांच्या शेजारी बसून मलाही करावा लागणार, आणि रात्री घरी जाऊन मी दिलीपच्या छातीला तेल चोळणार.

ठराव वाचून संपला. अध्यक्ष मतदान पुकारणार, तेवढ्यात आप्पा उभे राहिले.

"कांडीवाल्यांचं काय?"

"त्याचा पुढं विचार करू आप्पा."

"विचार कुठं करणार? घरी? इतिवृत्तात घ्या. पुढल्या वर्षी कांडीवाल्यांचा समावेश करण्यात येईल."

मालकांच्या बाकावर चुळबुळ झाली. मगदूमसाहेबांनी तिकडं बघितलं. "येईल असं न्हाई लिहिता येणार. प्रयत्न करण्यात येईल, असं लिहू."

आप्पांनी उभ्या आयुष्यात असला शब्द घेतला नव्हता. 'प्रयत्न' शब्दावरून त्यांनी एकदा कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावरची दौत उलटी केली होती. मी कान टवकारून बसले.

"लिहा," आप्पा म्हणाले. "आणि लिहिलेलं वाचून दावा."

लेखनिकानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. आप्पांनी मान डोलावली. मग विषयपत्रिका उचलून टरकन फाडली आणि म्हणाले, "ज्या माणसानं कामगारांच्या पोटावर पाय दिला त्याचं नाव दवाखान्याला देणाऱ्या या सभेचा धिक्कार असो. आम्ही सभात्याग करतो."

खरं म्हणजे ही घोषणा बरीच उशिरा आली होती. पण मी कशाला वेळ काढतेय, मी उठलेच.

डॉक्टर पाटणकर अर्धे उठून म्हणाले, "आप्पा, बसा हो. मत देऊन जावा की. दोन मिनिटांचं काम आहे." आप्पांनी बसावं म्हणून नगरपालिकेत कुणी विनवणी केल्याची ती पहिलीच वेळ. आप्पा दारातून बाहेर पडले होते.

खाली गाड्यावर दोन कप भरून ठेवले होते. चहावर साय धरली होती.

"गार झालाय की," मी इस्माईलभाईला म्हणाले.

"तुम्हालाच उशीर झाला," तो म्हणाला. मला वाटलं, थट्टा करतोय.

वरून टाळ्या ऐकू आल्या. आप्पांनी तो थंडगार चहा सायीसकट पिऊन टाकला. "झाला वाटतं," एवढंच म्हणाले आणि कप विसळून ठेवला.

घरी आल्यावर मी हौसाक्काला सांगायला गेले. काय सांगणार होते कोण जाणे. तीच रहाटावरून म्हणाली, "झाला न्हवं दवाखाना? पोराला उद्या पहिल्या नंबराला उभा कर." मी बरं म्हणून परत आले. दवाखाना उघडायला अजून पावसाळा जायचा होता, पण ती बोलली त्यात चूक काढावी असं मला वाटलं नाही.

पार्टीनं आप्पांना जाब विचारला. मत द्यायचं सोडून बाहेर का गेलात? आप्पा उभे राहून म्हणाले, "त्या मगदूमाचं नाव ऐकलं आणि डोकं फिरलं. सवय नडली. माझी चूक हाय." पार्टीनं त्यांना जिल्हा समितीवरून काढलं. सगळ्यांनी ते मानलं, कारण आप्पांना ओळखणाऱ्या कुणालाही ते खरंच वाटलं असतं. मलाही वाटलं. मी गप्प बसून होते. मला मनातून बरं वाटत होतं आणि आप्पांकडे बघवतही नव्हतं.

दिलीपचा फोटो निघाला. क्षयच होता. औषध सुरू झालं, माग सुटला, पुढच्या दिवाळीला तो पुन्हा मागावर गेला. आज त्याला नातू आहे, आणि मागाच्या खडखडाटानं कान गेलेला दिलीप दिवसभर मला म्हणतो, तुझं ऐकू येत नाही, मोठ्यांदा बोल.

हौसाक्काला घेऊन मी जकात नाक्यावर गेले होते. तिथल्या बाईंनी विचारलं, कुठल्या कारखान्यात? मालक कोण? हौसाक्काला मालक नव्हता. पोतं देणारा मुकादम होता, तो तर ओळख द्यायलाही तयार नव्हता. मग आप्पा तिला एसटीनं जिल्ह्याच्या गावी सरकारी दवाखान्यात न्यायला लागले. एका खेपेला दिवस जायचा, आणि ज्या दिवशी कांडी भरली नाही त्या दिवशी चूल पेटत नव्हती. जरा बरं वाटलं की ती जायची नाही, बिघडलं की जायची. असं करत करत ती गेली. पुढलं वर्ष उगवायच्या आतच गेली. पत्र्याच्या पलीकडचा खोकला थांबला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की औषध लागू पडलं. मग आप्पांनी पत्र्यावर हात मारला.

त्यानंतर आप्पांनी एकदाही सभात्याग केला नाही. मगदूमसाहेब तर त्याला अक्षरशः कंटाळले. कसलाही विषय असो, आप्पा शेवटपर्यंत बसून राहायचे आणि आभार मानायच्या आधी उभे राहून विचारायचे, "कांडीवाल्यांचं काय? प्रयत्न कुठवर आला?" पुढलं वर्ष गेलं, त्याच्या पुढलं गेलं, अध्यक्ष बदलले. इस्माईलभाई मला म्हणायचा, "आप्पांना जरा चिडवा की, माझा धंदा बसला." शेवटी एका सभेत कांडीवाल्या दवाखान्यात घेतल्या. मालकाचं नाव लागणार नाही, नुसतं काम सांगितलं तरी पुरे, असा ठराव झाला. टाळ्या वाजल्या. आप्पांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी लेखनिकाला लिहिलेलं वाचून दाखवायला सांगितलं.

यालाही बरीच वर्षं झाली. आम्ही दोघेही नगरपालिकेतून निघालो, आणि एका हिवाळ्यात आप्पा खोकायला लागले. त्यांना न्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. जकात नाक्यापाशी आलो तर आप्पा फाटकासमोर थांबले. वर पाटी होती, कैलासवासी अण्णासाहेब मगदूम कामगार दवाखाना.

"त्या नावाखालनं मी जाणार न्हाई," आप्पा म्हणाले.

"आप्पा, छातीचा फोटो काढायचाय."

"घरी काढा."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी इमारतीला वळसा घातला. जकातीच्या काळात गाड्यांचा माल उतरवायचा एक दरवाजा मागं होता. त्याला पाटी नव्हती. आप्पांनी चौकटीच्या वर नीट बघून खात्री करून घेतली आणि आत आले. आम्ही बाकावर नंबर लावून बसलो.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आप्पा, ती पाटी माझ्यामुळं आहे. मगदूम नाव काढायला तयार होते. मीच ठेवायला लावलं."

"ठाऊक हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? मगदूम तुझ्याकडं पोत्यावर बसला हुता तवा मी हौसाकडं भाकरी खात हुतो."

"पण तिचा रहाट चालू होता की."

"रिकामा फिरवत हुती. तुला कळू नये म्हणून."

कांडीवर सूत चढत असताना रहाटाचा आवाज जड येतो, रिकामा असला की नुसता भिरभिरतो. जन्मभर रहाटावर बसलेल्या बाईला ते कळायला पाहिजे होतं. त्या संध्याकाळी मला काहीच कळलं नव्हतं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

आप्पांनी खोकून घेतलं. "म्हणाली, दादा, पोराला आत जाऊ दे. मी मागनं येते. मी म्हणलं, अगं, पार्टीचा आदेश हाय, विरोधात हात करायचाय. तर म्हणाली, मग हात बाहेर घेऊन जा की. चहाला जातोस न्हवं रोज?"

म्हणून चहा आधीच सांगितला होता. म्हणून साय धरली होती. मी बाकावर बसल्या जागी रडायला लागले. समोरची बाई माझ्याकडे बघायला लागली, तिला वाटलं माझाच फोटो वाईट आला.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

नंबर आला. आतला कंपाउंडर नवीन होता, त्याला आम्ही दोघंही ठाऊक नव्हतो. त्यानं आप्पांचं नाव विचारलं, वय विचारलं.

"काम? विणकर का?"

"हुतो."

"कुठल्या मालकाकडं?"

मालकाचं नाव आप्पा घेणार नव्हते, आणि नावाशिवाय विणकराला दवाखाना घेत नव्हता. कंपाउंडर पेन धरून वाट बघत होता. मला वाटलं, आता हे उठून बाहेर जाणार.

"कांडी," आप्पा म्हणाले.

"काय?"

"कांडी भरतो. लिहा. मालक लागत न्हाई त्याला."

कंपाउंडर हसला. "आजोबा, ते बायकांचं काम."

मी पुढं झाले. "खरं आहे ते," म्हणाले, "मी शेजारीच राहते. बहिणीबरोबर भरायचे."

"बहीण कुठं आहे? तिलाही घेऊन या, तपासून टाकू."

आप्पा सदऱ्याच्या गुंड्या काढत होते. त्यांनी मागच्या दाराकडे एकदा बघितलं.

"येते म्हणाली हुती," ते म्हणाले आणि फोटोला उभे राहिले.